तो नुसता चालतो आहे

'रोमन हॉलिडे'चा शेवट चालू होता. राजकन्या पत्रकारांचा निरोप घेऊन आत निघून गेली होती, बाकीचे पत्रकार पांगले होते आणि त्या प्रचंड दालनात ग्रेगरी पेक एकटाच उरला होता. दोन्ही हात खिशात घालून तो वळला, चालू लागला, आणि त्याच क्षणी माझ्या मुलीने रिमोट उचलून चित्रपट दहा सेकंद पुढे ढकलला. मग आणखी दहा सेकंद. "अगं, थांब की," असे मी म्हणाले तेव्हा तिने खरोखरच आश्चर्याने विचारले, "का? तो नुसता चालतोय." तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, कंटाळाही नव्हता. चित्रपट तिला मनापासून आवडला होता, ऑड्री हेपबर्नने रोमच्या केशकर्तनालयात केस कापून घेतले तेव्हा तर ती टाळ्या वाजवून हसली होती. गोष्ट संपली, आता उठायला हरकत नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. तरीही ते वाक्य त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या मनात रुतून बसले.

तो नुसता चालतो, हे तिने अगदी अचूक पाहिले होते. त्या चालण्यात एकही संवाद नाही. फरशीवर बुटांचा आवाज घुमत राहतो, कॅमेरा त्याच्यापुढून मागे मागे सरकत जातो, आणि आपण त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या रिकाम्या मंचाकडे पाहत राहतो, कारण ती धावत परत येईल अशी आशा सुटत नाही. प्रेमपटांनी आपल्याला तशी सवयच लावलेली आहे. गैरसमज दूर होतात, आडमुठे बाप विरघळतात, गाडी सुटता सुटता कोणीतरी फलाटावर पोहोचते. विल्यम वायलरने 1953 सालच्या या चित्रपटात ती सगळी अपेक्षा जागी ठेवली आणि मग त्या माणसाला दारापर्यंत एकट्याने चालायला लावले. दाराजवळ पोहोचल्यावर तो एकदा मागे वळून बघतो. मागे कोणी नसते. ते अंतर त्याच्याबरोबर प्रेक्षकानेही कापलेच पाहिजे, कारण ती येणार नाही ही गोष्ट संवादातून कळण्यासारखी नाही, ती चालूनच कळते.

या चित्रपटाविषयी आणखी एक गोष्ट माझ्या मनात कायम घर करून राहिली आहे. त्याची कथा डाल्टन ट्रम्बो यांची. अमेरिकेतल्या त्या काळच्या कम्युनिस्टविरोधी काळ्या यादीत त्यांचे नाव होते, त्यामुळे पडद्यावर ते येऊ शकले नाही. इयान मॅक्लेलन हंटर या त्यांच्या मित्राने आपले नाव पुढे केले आणि कथेचे ऑस्कर हंटर यांच्या नावावर जाहीर झाले. ट्रम्बो 1976 साली गेले, आणि तो सन्मान त्यांच्या नावाने दिला गेला 1993 साली. एक दिवस आपले नाव लपवून सामान्य माणसासारखे जगू पाहणाऱ्या मुलीची ही गोष्ट ज्याने लिहिली, त्याला स्वतःचे नाव लपवल्याशिवाय पोट भरता येत नव्हते. हे कळल्यापासून शेवटच्या प्रसंगातले त्या दोघांचे परक्यासारखे हस्तांदोलन मला वेगळे दिसू लागले. सगळ्यांच्या देखत ओळख दाखवता येत नाही याचे दुःख काय असते, ते त्या लेखकाला कल्पनेने शोधावे लागले नसणार.

माझे स्वतःचे प्रेमपटांचे शिक्षण डोंबिवलीच्या चाळीत झाले. शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागे आणि रविवारी हिंदी. लाकडी शटरचा टीव्ही आमच्याच खोलीत होता, त्यामुळे दाराबाहेर चपलांचा ढीग पडे आणि आत जमिनीवर मुले, कॉटवर आज्या आणि उंबऱ्याशी पुरुष अशी बैठक आपोआप ठरून गेलेली असे. नायक-नायिका एकमेकांच्या जरा जवळ आली, की खोलीतल्या हालचाली वाढत. कोणाला तरी तहान लागे, कोणाला गॅसवर ठेवलेल्या दुधाची आठवण होई, एखादे काका भिंतीवरच्या घड्याळाला आपले घड्याळ लावू लागत. आम्ही मुले पडद्याकडे पाहण्याऐवजी मोठ्यांच्या तोंडाकडे पाहत असू. प्रेम ही काहीतरी महत्त्वाची गोष्ट आहे हे मला नायकाच्या संवादांवरून कधी कळले नाही. ते कळले ते काकांच्या त्या घड्याळावरून.

मधूनच प्रक्षेपण तुटे आणि पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी येई. बातम्यांसाठीही चित्रपट थांबे. आज ती पाटी आठवली की सगळे हसतात, पण माझ्या आठवणीतली सर्वांत गजबजलेली वेळ ती आहे. पाटी आली की खोलीला कंठ फुटे. तिने त्याला एवढ्यात होकार द्यायला नको होता, असे एक काकू म्हणत. तो भित्रा आहे, असल्याशी संसार कसा व्हायचा, असे दुसरी म्हणे. एरवी ज्या बायका कांदे, रॉकेल आणि मुलांचे खोकले यांपलीकडे काही बोलत नसत, त्या त्या दहा-पंधरा मिनिटांत नवरा कसा असावा याविषयी इतके स्पष्ट बोलून जात, की स्वयंपाकघरातून ऐकणारी माझी आई हातातले लाटणे थांबवी. 'लाखाची गोष्ट' दाखवला गेला तेव्हाची एक संध्याकाळ मला अजून दिसते. 1952 सालचा हा राजा परांजपे यांचा चित्रपट, गदिमा आणि सुधीर फडके यांची गाणी. मालती पांडे यांच्या आवाजातले 'त्या तिथे पलीकडे' सुरू झाले, आणि कधी मोठ्याने हसूही न येणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू पूर्ण गाणे तोंडपाठ म्हणू लागल्या. त्यांचे यजमान उंबऱ्यात बसले होते. त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिले. चित्रपट बराचसा विसरले, ते पाहणे विसरलेले नाही.

पुढे एका रात्रीपुरता भाड्याने आणलेला व्हीसीआर आला, मग केबल आली, आता भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हवा तो चित्रपट हव्या त्या क्षणी लागतो. याचे सुख मी नाकारणार नाही. ज्या चित्रपटांची नुसती नावे मासिकांतून वाचली होती, ते आज ठाण्याच्या फ्लॅटमध्ये जेवणानंतर पाहता येतात, ही माझ्या पिढीला मिळालेली अतिशय मोठी देणगी आहे. आई-बाबा आता आमच्याकडेच राहतात. मुलगी कॉलेजात आहे. शनिवारी रात्री आम्ही चौघे एक चित्रपट पाहतो, आणि निवड आलटून पालटून करतो. मुलीने 2010 सालचा 'मुंबई-पुणे-मुंबई' निवडला तेव्हा तो मला 'रोमन हॉलिडे'च्या घराण्यातला वाटला. एक अनोळखी शहर, एक दिवस, पायी भटकणारी दोन माणसे आणि न सांगितलेली नावे. बाबांना त्यातले पुणे ओळखण्यातच अधिक रस होता.

आईची पाळी आली की बहुधा बासू चटर्जी.

'छोटी सी बात' हा त्यांचा चित्रपट 1976 च्या सुरुवातीला प्रदर्शित झाला. माझी आई त्या सुमारास फोर्टमधल्या एका कचेरीत टायपिस्ट होती. अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा बसच्या रांगेत उभे राहतात, तो तिच्या मागे, तिच्या पाठमोऱ्या केसांकडे पाहत, मनातल्या मनात तिच्याशी भरभरून बोलणारा आणि प्रत्यक्षात एक शब्दही न काढणारा. या चित्रपटाची निम्मी गंमत काहीच न घडण्यात आहे. बस येते, ती चढते, तो राहून जातो. चित्रपटगृहात धर्मेंद्र-हेमामालिनीचे गाणे चालू असताना त्यांच्या जागी त्याला स्वतः आणि ती दिसू लागतात, एवढीच त्याची हिंमत. आई हा चित्रपट पाहताना नायकाकडे कधीच बघत नाही. ती रांगेतल्या बायका बघते, त्यांच्या खांद्याला लावलेल्या पर्सेस, चापूनचोपून नेसलेल्या साड्या, घाईत घातलेल्या वेण्या. "आम्ही अश्शाच दिसायचो," असे ती दर वेळी म्हणते. एकदा असाच रांगेचा लांबलेला प्रसंग चालू होता, कोणी काही बोलत नव्हते, आणि बाबा एकाएकी म्हणाले, "तुझी बस कधी वेळेवर यायची नाही." आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. माझ्या आई-बाबांचे लग्न मध्यस्थाने ठरवलेले, पत्रिका पाहून झालेले. साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या काळात बाबा आपल्या बँकेतून सुटले की समोरच्या फुटपाथवर येऊन उभे राहत, हे मला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. ते रस्ता ओलांडून कधी आले नाहीत, कारण ते तेव्हा बरे दिसले नसते. मुलीने लगेच विचारले, "आजी, तुला माहीत होतं?" आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "माहीत नसायला काय झालं? मी दोन-दोन बसेस सोडायचे."

त्या रांगेचा प्रसंग कोणी दहा दहा सेकंदांनी पुढे ढकलला असता, तर हे वाक्य आमच्या घरात कधीच उच्चारले गेले नसते. माझ्या मनात जे रुतून बसले होते, ते काय होते हे मला तेव्हा नीट उमगले. चांगल्या प्रेमपटात अशा मोकळ्या जागा दिग्दर्शक जाणूनबुजून ठेवतो. चित्रपटगृहातल्या अंधारात त्या जागेत आपण एकटे शिरतो. घरी दिवा चालू असतो, शेजारी आपली माणसे असतात, आणि पडद्यावर कोणी बोलत नसले की ती बोलू लागतात. जी घरे प्रेमाविषयी थेट बोलत नाहीत, आणि आपल्याकडची बहुतेक घरे बोलत नाहीत, त्यांना एवढीच काय ती फट मिळते.

त्याच चित्रपटाने आमच्यात एक गंभीर वादही लावून दिला, आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. नायक रस्त्यातून तिच्या मागे मागे चालतो. माझ्या मुलीला ते पाहताना हसू येत नाही. तिला स्वतःला स्टेशनपासून घरापर्यंत मागे चालणारी पावले ठाऊक आहेत, आणि ती पावले कोणत्याही पार्श्वसंगीताने गोड होत नाहीत, असे तिने मला सांगितले. तिचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. जुन्या हिंदी चित्रपटांतला बराचसा शृंगार हा नकार ऐकून न घेण्याचा शृंगार आहे, आणि आम्ही त्यावर वर्षानुवर्षे हसत आलो. तरी पालेकरांचा अरुण मला तसल्या नायकांच्या पंक्तीत बसवता येत नाही. ती वळून पाहील या नुसत्या शक्यतेने तो घाबरतो, आणि त्याच्या भित्रेपणाकडे चित्रपट फार जवळून व मायेने पाहतो. मला खटकतो तो पुढचा भाग, जिथे खंडाळ्याचा कर्नल, म्हणजे अशोककुमार, त्याला आत्मविश्वासाचे धडे देतो आणि तो परत येऊन डावपेच खेळू लागतो. ते प्रसंग विनोद म्हणून चोख आहेत, त्याचा प्रतिस्पर्धी झालेल्या असरानीची फजिती पाहून बाबा अजूनही खुर्चीत मागे रेलून हसतात, पण जिंकायला शिकलेल्या अरुणपेक्षा बस चुकवणारा अरुण मला अधिक खरा वाटतो. मुलीशी माझे यावर एकमत झालेले नाही. तिच्याबरोबर पाहिल्यामुळे मला तो चित्रपट आता पूर्वीसारखा निर्धास्तपणे पाहता येत नाही, आणि त्याबद्दल मला हळहळ वाटते तशी कृतज्ञताही वाटते.

बिली वाइल्डरचा 'द अपार्टमेंट' हा 1960 सालचा चित्रपट मी विनोदी म्हणून लावला होता. ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट, जॅक लेमन टेनिसच्या रॅकेटने स्पॅगेटी गाळतो तो प्रसंग, एवढेच मी आईला सांगितले होते. कचेरीतले साहेब आपापल्या भानगडींसाठी एका कारकुनाच्या घराची किल्ली घेतात, इथपर्यंत ती सावधपणे पाहत होती. नाताळच्या आदल्या रात्री लिफ्ट चालवणारी ती मुलगी झोपेच्या गोळ्या घेते, शेजारचा डॉक्टर तिला जागे ठेवण्यासाठी खोलीभर चालवत राहतो, तेव्हा आईने तोंडाला पदर लावला. चित्रपट संपल्यावर ती म्हणाली, "आमच्या ऑफिसातही होती अशी एक." पुढे काही बोलली नाही. शेवटी ती मुलगी त्या कारकुनाच्या प्रेमाची कबुली ऐकून घेते आणि उत्तरादाखल पत्त्यांचा जोड त्याच्या हातात देऊन वाटायला सांगते. इतका मोठा ओरखडा उमटल्यानंतर माणसे पुन्हा एकमेकांसमोर बसून पत्ते खेळू शकतात, हे मला कोणत्याही चुंबनापेक्षा मोठे वाटते. वाइल्डरने कबुलीला कबुलीने उत्तर देऊ दिले असते, तर आईच्या कचेरीतली ती मुलगी आमच्या खोलीत आली नसती असे मला वाटते.

बाबांना अलीकडे फार कमी ऐकू येते. यंत्र लावले तरी संवाद, संगीत आणि पंख्याचा आवाज एकमेकांत कालवला जातो, म्हणून ते चित्रपट बघतात तो बराचसा आमच्या चेहऱ्यांवरून. म्हणून मी एकदा 'सिटी लाइट्स' लावला. बोलपट सुरू होऊन काही वर्षे झाली होती, तरी 1931 साली चॅप्लिनने हा चित्रपट संवादांशिवायच केला. बाबांनी यंत्र काढून टेबलावर ठेवले आणि पुढे सरकून बसले. त्यातल्या पहिल्या भेटीने चॅप्लिनला फार छळले होते. फुले विकणाऱ्या अंध मुलीचा हा भणंग माणूस श्रीमंत असल्याचा समज कसा व्हावा, याचे उत्तर त्याला कित्येक महिने सापडत नव्हते, आणि तो प्रसंग त्याने पुन्हा पुन्हा चित्रित केला. अखेर उत्तर सापडले ते मोटारीच्या दारात. तो रहदारीतून वाट काढण्यासाठी उभ्या असलेल्या एका आलिशान मोटारीतून आरपार उतरतो, दार लागते, आणि त्या आवाजावरून मुलीला वाटते की कोणी धनिक उतरला. मूकपटातला सर्वांत महत्त्वाचा क्षण एका आवाजावर उभा आहे, आणि तो आवाज प्रेक्षकाला ऐकू येत नाही, दिसतो. बाबांनी तेव्हा मान वळवून आम्हाला सांगितले, "दार वाजलं." त्या रात्री आमच्यापैकी कोणाहीपेक्षा त्यांना काही कमी ऐकू आले नव्हते.

शेवटी दृष्टी आलेली ती मुलगी त्याच्या हातावर नाणे ठेवते आणि हाताच्या स्पर्शावरून त्याला ओळखते. तिच्या चेहऱ्यावर आनंद आहे की निराशा, हे चॅप्लिन सांगत नाही. माझ्या मुलीने त्या वेळी रिमोट हातात घेतलेला नव्हता. तिने तो माझ्याकडे पाहून बाजूला ठेवला असेल, किंवा तिचे भानच हरपले असेल. मी विचारले नाही. मात्र चित्रपट संपताक्षणी टीव्हीनेच श्रेयनामावली कोपऱ्यात ढकलली आणि पुढचा चित्रपट सुरू होण्यासाठी उलटी गिनती चालू केली. मला त्याचा मनस्वी राग येतो. चित्रपट संपल्यावर माणसाला थोडा वेळ काही न बघता बसू द्यावे, एवढी सभ्यता त्यात असायला हवी होती. चाळीतली ती 'व्यत्यय' पाटी निदान क्षमा मागत असे.

सध्या आमच्या घरात वाद चालू आहे तो 'रजनीगंधा'वरून. मन्नू भंडारी यांच्या 'यही सच है' या कथेवर बासूदांनी 1974 साली केलेला हा चित्रपट आम्ही लागोपाठ दोन शनिवारी पाहिला, कारण पहिल्या वेळी निकाल लागला नाही. दिल्लीतली दीपा, तिथला तिचा संजय, जो बडबड्या आहे, विसराळू आहे आणि कधीच वेळेवर येत नाही. आणि मुंबईत मुलाखतीला गेल्यावर पुन्हा भेटलेला नवीन, जो वेळेवर येतो, सगळी व्यवस्था करतो आणि मनातले काही बोलत नाही. मुकेशच्या आवाजात 'कई बार यूँ भी देखा है' चालू असताना ती दोघे टॅक्सीत बसलेली असतात आणि दोघांच्या मधली जागा तशीच राहते. मुलीच्या मते संजय आणि नवीन हा प्रश्नच चुकीचा आहे. मुलाखत चांगली झाली होती, त्या नोकरीचे काय, असे ती तावातावाने विचारते. बाबांना नवीन पसंत आहे, कारण जो माणूस स्टेशनवर वेळेवर घ्यायला येतो त्याच्यावर संसार सोपवता येतो असे त्यांना वाटते. मी टॅक्सीतल्या त्या जागेच्या बाजूने आहे. ज्याच्यासमोर इतके अवघडून बसावे लागते, त्याच्याबरोबर आयुष्य काढणे दीपाला जमले नसते. आईने दोन्ही वेळा चित्रपट संपेपर्यंत मत दिले नाही. काल भाजी निवडताना ती आपण होऊन म्हणाली, "संजय उशिरा येतो, पण आल्यावर बोलतो तरी. तो दुसरा आयुष्यभर समोरच्या फुटपाथवर उभा राहिला असता." बाबा तेव्हा शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना ते ऐकू गेले की नाही, यावर आता मुलीचे आणि माझे दुमत आहे.